पासवर्ड विचारायच्या आधीचे वीस सेकंद

आज आमच्या गटाच्या छोट्या कॉम्प्युटरच्या एका खोडीबद्दल बोलणार आहोत. ज्या गटांकडे असं मशीन आहे त्यांच्या उपयोगाचं आहेच. पण ज्यांच्याकडे नाही त्यांनीही ऐका. उद्या कुणी येऊन "मशीन गेलं, नवीन घ्या" म्हणालं, तर त्याला काय विचारायचं ते तरी कळेल.

आमच्या कळव्याच्या खोलीवर रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर आहे. तळहातावर मावेल एवढी एकच पट्टी, सगळे भाग तिच्यावरच. हा प्रकार २९ फेब्रुवारी २०१२ला ब्रिटनमध्ये पहिल्यांदा विक्रीला आला, शाळकरी मुलांना स्वस्तात कॉम्प्युटर शिकता यावा म्हणून. त्यावर लिनक्स चालतं, आणि सगळी माहिती मोबाईलमध्ये घालतो तसल्या मेमरी कार्डावर राहते. आमच्याकडच्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. आम्ही लॅपटॉपवरून त्याच्यात शिरतो, खोलीवरूनही आणि रात्री जेवणं उरकली की घरूनही. असं दुरून आत शिरणं म्हणजे रिमोट लॉगिन, आणि ज्या वाटेनं शिरतो तिचं नाव एसएसएच. बचत, कर्ज, वसुली, सगळे आकडे तिथे.

गेल्या पावसाळ्यात हे शिरणं जड झालं. नाव टाकलं की काळा पडदा नुसता बघत बसायचा, पासवर्डसुद्धा विचारायचा नाही. मग कधीतरी विचारायचा, आणि एकदा आत गेलं की काम अगदी सुरळीत. कळव्याला बहुतेक फास्ट लोकल थांबत नाहीत, तेव्हा वाट बघायची आम्हाला सवय आहे. पण खजिनदार काकूंना वाटलं, आत कुणीतरी काहीतरी करतंय म्हणून वेळ लागतोय. हिशेब भरणारी आमच्यातली सगळ्यात धाकटी. तिच्याकडे बोट गेलं. उघड कुणी बोललं नाही, पण तिनं शनिवारी यायचं बंद केलं.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, कार्ड फॉरमॅट करा नाहीतर नवीन मशीन घ्या. त्या कार्डावर आठ महिन्यांची वसुली होती आणि दुसरीकडे उतरवलेली नव्हती. ती चूक आमचीच, कबूल करतो. नव्या मशीनचे पैसे बचतीतून काढायचे म्हणून बैठकही ठरली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी धाकटीला आम्ही घरून बोलावून आणलं. तिनं एकच गोष्ट केली. मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं आणि पाच वेळा लॉगिन केलं. पाचही वेळा वीस सेकंद. खोलीतल्या वायफायवरून वीस, घरून केलं तरी वीसच.

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथे आहे. मशीन थकलं असेल, कार्ड खराब होत असेल, इंटरनेट मंद असेल, तर वेळ कमीजास्त होतो. कधी सात सेकंद, कधी तीस. दरवेळी घड्याळ लावल्यासारखा तोच आकडा आला, तर मशीन मंद नाही. ते कुणाची तरी वाट बघतंय, आणि ठरलेली मुदत संपली की वाट बघणं सोडून पुढे जातंय.

कुणाची वाट? असं समजा की तुमच्या दारात पाहुणी आली आणि तिनं फक्त घर नंबर सांगितला. घरच्या म्हातारीला नाव कळल्याशिवाय चैन नाही. तिनं पोराला पोस्टात पिटाळलं, या नंबरवर कोण राहतं विचारून ये म्हणून. पोस्ट तर दुसरीकडे हललंय, जुन्या दाराला कुलूप. पोरगं कडी वाजवत उभं, आणि इकडे पाहुणी उंबऱ्यात उभी. इंटरनेटवर नंबरावरून नाव आणि नावावरून नंबर सांगणाऱ्या या पोस्टाला डीएनएस म्हणतात. आमचं मशीन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकीच्या नंबराचं नाव आधी डीएनएसला विचारत होतं, आणि उत्तर येत नव्हतं.

वीसच का, तेही सांगतो. लिनक्स एका डीएनएस सर्व्हरच्या उत्तरासाठी साधारण पाच सेकंद थांबतं आणि सगळ्यांना दोनदा विचारतं. आमच्या मशीनमध्ये असे दोन पत्ते लिहिलेले होते. दोन पत्ते, दोन खेपा, प्रत्येकी पाच सेकंद. झाले वीस. एकच मेलेला पत्ता असता तर दहा झाले असते.

आणि हे पत्ते मेले कसे? जूनमध्ये आम्ही इंटरनेटवाला बदलला. मशीन बसवणाऱ्यानं जुन्या कंपनीचे दोन डीएनएस पत्ते हातानं लिहून ठेवले होते. असे सर्व्हर बरेचदा आपल्याच गिऱ्हाइकांना उत्तर देतात, बाहेरच्यानं विचारलं की गप्प बसतात. "नाही" म्हणाले असते तरी चाललं असतं, मशीन लगेच पुढे गेलं असतं. गप्प बसल्यामुळे घोळ. खोड नेमकी कधी सुरू झाली हे वहीत लिहिलेलं असतं तर आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

खात्री करायला लॉगिनच्या आज्ञेत एसएसएचनंतर जागा सोडून आडवी रेघ आणि लहान व्ही लिहायचा. मग लॅपटॉप काय काय करतोय ते ओळीनं सांगत जातो. आमच्याकडे "कनेक्शन एस्टॅब्लिश्ड" ही ओळ क्षणात आली, म्हणजे दारापर्यंतचा रस्ता मोकळा होता. त्यानंतर दोन-चार ओळी, आणि मग वीस सेकंद काही नाही. तुमच्याकडे ही "एस्टॅब्लिश्ड"चीच ओळ उशिरा आली, तर दोष रस्त्यात. वायफाय, राउटर बघा. आणि थांबण्याच्या जागी जीएसएसएपीआय ही अक्षरं दिसली तर तो वेगळा प्रकार. मोठ्या कंपन्यांच्या ओळखपत्राची पद्धत आहे ती, आपल्याला लागत नाही, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बंद करता येते.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाईलमध्ये मशीन सध्या कोणते डीएनएस पत्ते वापरतंय ते दिसतं. पण तिथे खोडून उपयोग नाही, मशीन ती फाईल पुन्हा लिहितं. आमच्या जुन्या कार्डावर मूळ पत्ते डीएचसीपीसीडी डॉट कॉन्फमध्ये होते. ते काढून राउटरचा पत्ता घातला. २०२३च्या ऑक्टोबरनंतरच्या कार्डांवर हे काम नेटवर्क मॅनेजरकडे असतं.

दुसरं, एसएसएचडी कॉन्फिग या फाईलमध्ये "यूजडीएनएस नो" अशी ओळ घातली. म्हणजे पाहुणीचं नाव विचारत बसू नकोस. यानं सुरक्षा कमी होते का, असं काकूंनी विचारलं, आणि बरोबर विचारलं. नाही होत. कुलूप पासवर्डाचं आहे, ते तसंच राहतं. फक्त नोंदीत नावाऐवजी नंबर उतरतो. एसएसएच बनवणाऱ्यांनी स्वतःच मार्च २०१५च्या ६.८ आवृत्तीपासून हे विचारणं मुळातच बंद ठेवलंय. आमचं कार्ड २०१६ साली भरलेलं, पण त्यावरची आवृत्ती त्याआधीची, ६.७.

एक काळजी घ्या. ही फाईल बदलताना एक लॉगिन उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. ओळ चुकली तर दार बंद व्हायचं, आणि पडदा-कीबोर्ड नसलेल्या मशीनवर मग आत जाणार कुठून? एसएसएच पुन्हा सुरू केलं तरी उघडं लॉगिन तुटत नाही.

दुसऱ्याच लॉगिनला पासवर्ड लगेच मागितला. काकूंनी स्वतः टाइप करून बघितलं, दोनदा. तिसऱ्यांदा बघायला त्यांनी धाकटीला बोलावलं आणि खुर्ची दिली.

तुमच्याकडे पासवर्ड लगेच विचारला जातो पण तो दिल्यावर थांबायला होतं, असं असेल तर कारण वेगळं. नेमके पंचवीस सेकंद जात असतील तर लॉगिनची नोंद ठेवणारी लॉगिनडी नावाची आतली सेवा अडकलेली असते. ती किंवा अख्खं मशीन पुन्हा सुरू केलं की बहुधा सुटतं. आणि आत गेल्यावर अक्षरं अडखळत उमटत असतील तर वायफायची वीजबचत बंद करून बघा, किंवा मशीनला थेट वायर लावा. चार्जरही तपासा. पाय थ्रीला अडीच अँपियर, फोरला तीन अँपियरचा लागतो. घरातला कुठलाही मोबाईल चार्जर लावला की मशीन कुरकुरतं.

जुन्या कार्डांचं अजून एक. नाव "पाय" आणि पासवर्ड "रास्पबेरी" असं घरून येतानाच ठरलेलं असायचं, आणि ते जगाला माहीत आहे. बदललं नसेल तर आजच बदला. आमचंही कार्ड जुनं झालंय, त्याला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, ते आम्ही बदलणार आहोत. पण आधी हिशेब दोन ठिकाणी उतरवून. ती नक्कल कशी काढायची ते पुढच्या वेळी धाकटीच सांगेल. तोवर एक रिकामा पेनड्राइव्ह आणून ठेवा.