पुढच्या चाकाजवळचा डाग

शनिवारची सकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे चिरंजीव, सूनबाई आणि नातू ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणार होते. झाडांना पाणी घालताना आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी मला तळहाताएवढा ओला डाग दिसला.

"एसीचं पाणी असेल, बाबा."

दोन दिवस गाडी जागची हलली नव्हती, मग एसीचं पाणी येणार कुठून? मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. लेजरमध्ये पाच पैशांचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत बसायचो, कारण त्या पाच पैशांआड हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असत.

बोट लावून पाहिलं. पातळ, पण बुळबुळीत. इंजिन ऑइल जुनं झालं की काळपट दिसतं. कूलंट हिरवं किंवा लालसर, गोडसर वासाचं. हे फिकट पिवळं होतं. सौ.ने चाकाखाली वर्तमानपत्र पसरलं. (नेमकं माझा लेख असलेलं पान, योगायोग म्हणायचा!) तासाभराने त्यावर थेंब पडला होता. आणखी एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला, तर तेलासारखा तरंगला नाही, विरघळून गेला. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल, एरवी ते पाण्यात सहज मिसळतं. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेच्याही खाली! ब्रेक पॅड झिजतात तशी ती उतरते खरी, पण सावकाश. महिन्यापूर्वी तर ती वरच्या खुणेला होती.

"वरून भरून घेऊ. आल्यावर दाखवू गॅरेजला," चिरंजीव म्हणाले. मी काही न बोलता किल्ली खिशात टाकली.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "काका, गाडी आणू नका, मीच येतो." त्याने चाक काढलं आणि चिरंजीवांना ब्रेक दाबायला बसवलं. चाकाकडे जाणाऱ्या रबरी पाइपला चीर गेली होती. प्रत्येक दाबासरशी तिथे थेंब फुगत होता.

"ब्रेकच्या लाइनी दोन असतात. एक गेली तरी गाडी थांबते, पण लांब जाऊन," तो म्हणाला. "घाटात तेवढी जागा कुठे मिळणार?"

चिरंजीव गप्प होते.

पुढच्या दोन्ही चाकांचे पाइप बदलून, लाइनीतली हवा काढून होईपर्यंत रविवारची दुपार झाली. त्या रात्री मी गाडीखाली पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. सोमवारी पहाटे मंडळी निघून गेल्यावर बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. कोरडं होतं.