मटकीचे मोड आणि कॅमेऱ्याचा धंदा

आम्ही ढाणकीच्या तिघी बोलतोय. बचत गटातून कर्ज काढून आम्ही एक जुना कॅमेरा घेतला. साक्षगंध, लग्न, डोहाळजेवण, बारसं असे फोटो काढतो, आणि बाकी दिवस वावरात जातो. गटाच्या बैठकीत बाया आम्हाला नेहमी एक विचारतात. फोटोत काही वेगळं करून पाहायचं असेल तर कसं करायचं? आणि ते करताना पोटाचं काय?

धंद्यातला फोटो ठरलेला असतो. नवरीने मेंदीचे हात दाखवायचे, नवरदेवाने बाजूला बघायचं, आजीला खुर्चीवर बसवून नातवंडं मागे उभी करायची. मागच्या लग्नात तसा होता म्हणून गिऱ्हाइकाला तसाच हवा असतो. त्यात वाईट काही नाही, त्याचेच पैसे मिळतात. पण दोन-तीन हंगाम तेच केलं की डोळा बघायचं सोडून देतो. हात आपोआप चालतो, स्वयंपाकात मीठ टाकताना चालतो तसा.

म्हणून एका हळदीला आम्ही नको तो शहाणपणा केला. उधळलेली हळद हवेत लांब पट्ट्यासारखी दिसावी, म्हणून शटर मुद्दाम हळू ठेवलं. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी समजा. ती जितका वेळ उघडी, तितकं हलणारं सगळं पुसल्यासारखं येतं. हळद सुंदर आली. नवरीचं तोंडही पुसलं गेलं. तिच्या आईने फोटो पाहिले आणि एवढंच म्हणाली, "बाई, यात माझी पोर कुठं आहे?" आम्ही अर्धे पैसे परत केले. त्या महिन्याचा गटाचा हप्ता तिघींनी घरातून भरला, आणि घरी काय ऐकून घेतलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

तेव्हा आमच्यातल्या एकीला दादासाहेब फाळके आठवले. टीव्हीवर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा पाहिला असेल, परेश मोकाशींचा, २००९ सालचा. फाळके म्हणजे पहिला सिनेमा काढणारे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी ते आमच्यासारखेच पोटासाठी फोटो काढत होते, हे कमी लोकांना माहीत असतं.

फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गुजरातेत गोध्रा गावी त्यांनी फोटोचं दुकान टाकलं. तिथे प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं, दुकान सुटलं. बडोद्याला पुन्हा फोटोचा धंदा मांडला, तर लोक म्हणायचे, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. मग त्यांनी नाटकाचे पडदे रंगवले, सरकारी पुरातत्त्व खात्यात फोटो काढायची नोकरी केली, छापखाना काढला. चाळिशीपर्यंत एकही धंदा धड टिकला नाही, असंच म्हणावं लागतं.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा एक सिनेमा पाहिला आणि डोक्यात घेतलं की आपल्या देवांचे असे सिनेमे काढायचे. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं, १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला जाऊन काम शिकून आले, कॅमेरा आणि कोरी फिल्म मागवली. पण कथेच्या सिनेमाला पैसा फार लागतो. तो लावणार कोण? न पाहिलेल्या गोष्टीवर कर्ज कोणी देत नाही, हे आपल्या गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

इथे त्यांनी जे केलं ते आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्यांनी ना नट घेतले, ना कपडे शिवले. कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, त्याच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला, आणि महिनाभर रोप वाढेल तसं एकेक चित्र घेत गेले. ती चित्रं सलग चालवली तेव्हा पडद्यावर मिनिटभरात दाण्याचा वेल झाला. या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून पैसेवाल्या मंडळींचा विश्वास बसला, कर्ज मिळालं, आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. वाटाण्याच्या दाण्याला पगार द्यावा लागत नाही. चुकलं तर दुसरा दाणा. कुणाची पोर फोटोतून हरवत नाही.

या गोष्टीत 'रोज एक चित्र घेतलं' असं लिहिलेलं आढळतं. आम्ही हिशेब मांडून पाहिला. त्या काळी एका सेकंदाला साधारण १६ चित्रं पळत. रोज एक म्हटलं तर महिन्याची ३०, म्हणजे दोन सेकंदांतच खेळ संपला. मिनिटभर चालायला ९६० लागतात, म्हणजे महिनाभर रोजची ३२. तेव्हा फाळके दिवसातून पुष्कळदा त्या कुंडीसमोर बसत असणार. गोष्ट सांगताना लोक कष्ट कमी करून सांगतात, दुसरं काय.

आम्ही वाटाण्याऐवजी मटकी घेतली, कारण तिला दोन-तीन दिवसांत मोड येतात. काचेच्या पेल्यात ओला कपडा, कपड्याच्या आणि काचेच्या मधे पाच दाणे. मोबाईल विटांच्या मधे असा बसवला की हलणार नाही. तो केसभर जरी हलला तरी चालवताना दाणे उड्या मारतात. दुसरी गोष्ट उजेडाची. खिडकीचा उजेड सकाळी एक, दुपारी एक, चित्र लुकलुकतं. म्हणून खिडकीला गोधडी लावली आणि एकच बल्ब ठेवला. मोबाईल स्वतःही उजेड कमी-जास्त करत राहतो. बहुतेक मोबाईलमध्ये पडद्यावर दाण्यावर बोट दाबून धरलं की नजर आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात. हे कळायला आमची पहिली मटकी वाया गेली. वाया म्हणजे उसळ झाली.

दुसऱ्यांदा दर अर्ध्या तासाला एक फोटो, तिघींच्या पाळ्या लावून. दिवसाचे ४८, तीन दिवसांचे १४४. सेकंदाला १२ प्रमाणे चालवले तर १२ सेकंदांचा सिनेमा. दुसऱ्या रात्री लाईन गेली आणि पाळीवालीला झोप लागली. त्यामुळे मोड एका जागी एकदम अर्धं बोट उडी मारतो. तशीच ठेवली ती उडी. मोबाईलमध्ये टाइमलॅप्स नावाची सोय असते, ती स्वतःच हे काम करते, असं नंतर एका शाळकरी पोराने सांगितलं. खरं आहे, वापरा तुम्ही. पण रात्री तीन वाजता बल्बखाली त्या मोडाकडे बघत बसलं की एक कळतं. तो सरळ वर येत नाही, आधी मान वाकवतो, खाली बघतो, मग उठतो. त्यानंतर लग्नात नवरी मान वर कधी उचलते याची वाट बघायला आम्ही शिकलो.

आता पोटाचं. हा १२ सेकंदांचा सिनेमा एका बारशाला आम्ही सहज दाखवला. बाळाच्या आजीने विचारलं, "माझ्या नातवाचं असं करता येईल का?" तेव्हापासून ते काम सुरू झालं. दर महिन्याला बाळाचा एक फोटो. तीच गोधडी, तोच कोपरा, तेवढ्याच अंतरावरून, सकाळच्या त्याच वेळी. वर्षाचे १२ फोटो एका पट्टीवर. लग्नसराई नसते त्या महिन्यांतही थोडे पैसे येतात. मटकी केली नसती तर हे सुचलं नसतं. सगळ्याच खटपटीतून असं काही निघतं असं मात्र नाही. आरशाच्या तुकड्यांतून चेहरा काढायचा प्रयोग आम्ही महिनाभर केला, तो कुणालाच आवडला नाही. आम्हालाही नाही.

फाळक्यांच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि तुमच्यासमोर तिचं नाव न घेता उठणं बरं नाही. त्यांच्या दुसऱ्या पत्नी, सरस्वतीबाई. तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं घरीच पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. ते काम सरस्वतीबाई करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, हेही त्यांनी शिकून घेतलं. शूटिंगच्या माणसांचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे. दागिने त्यांचेच गेले. आणि उन्हात पांढरी चादर ताणून त्या उभ्या राहत, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून.

ही चादर तुम्ही उद्याच करून बघा. दुपारचं ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. माणसाच्या समोर, थोडी खालच्या अंगाला पांढरी चादर किंवा धोतर ताणून धरा. ऊन त्यावर पडतं, परत फिरतं आणि तोंडाच्या सावलीत जातं. रंगीत चादर नको. लाल चादरीने तोंड लाल होतं. मांडवात तर हे हमखास लागतं, कारण मांडवाच्या कापडाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर चढतो. यंत्र काही नाही, फक्त चादर धरायला एक बाई लागते.

आमच्यात चादर धरणारी आधी गटातली चौथी कुणीतरी असायची, हौसेने येणारी. सरस्वतीबाईंचं वाचल्यावर तिला आम्ही दिवसाचे पैसे द्यायला लागलो. आणि फोटोमागे शिक्का मारायला लागलो, तिघींच्या नावांचा. आधी एकीच्या नवऱ्याचं नाव जायचं, कारण गिऱ्हाइकं त्याला ओळखतात. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या बाई वृत्तछायाचित्रकार, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. शिक्क्याला खर्च फार आला नाही. घरात त्यावर बोलणी मात्र दोन दिवस चालली.

सध्या आमच्या डोक्यात पऱ्हाटी आहे. लावणीपासून बोंड फुटेपर्यंत एकाच झाडाचे फोटो, रोज सकाळी निंदायला जाताना एक. मागच्या वर्षी धुऱ्यावर बाभळीची खुंटी ठोकली होती, मोबाईल रोज त्याच जागी टेकवता यावा म्हणून. झाड कमरेएवढं झालं आणि एका रात्री रानडुकरांनी खुंटी आणि झाड दोन्ही उखडून टाकलं. ५३ फोटो झाले होते, ते ठेवलेत. यंदा खुंटी विहिरीजवळ ठोकणार आहोत, तिथे रात्री राखणीला माणूस असतो.