ओळीतील मजकूर-शैली

ओळीतील मजकूर-शैली म्हणजे संगणकीय दस्तऐवजातील एखादा शब्द वा शब्दसमूह, परिच्छेद न तोडता, ठळक, तिरपा, रंगीत अशा रूपात वेगळा दाखविण्याची पद्धत होय. एचटीएमएल या चिन्हांकन भाषेत त्यासाठी शब्दाच्या आधी आरंभीचा आणि नंतर समाप्तीचा टॅग योजतात.

अर्थ आणि रूप

‘स्ट्राँग’ हा टॅग मजकुराचे महत्त्व, तर ‘ईएम’ हा बोलण्यातील जोर दर्शवितो. ‘स्पॅन’ला स्वतःचा अर्थ नसतो, तो केवळ शैली किंवा भाषा जोडण्यास आधार देतो. रंग व आकार ठरविणारा ‘फॉन्ट’ टॅग एचटीएमएल ४.० (१९९७) मध्ये त्याज्य ठरला. ते काम आता सीएसएस करते. तिची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. नियम एकाच ठिकाणी असल्याने तो बदलताच सर्व पृष्ठांवरील रूप बदलते.

देवनागरीतील वापर

रोमन लिपीप्रमाणे देवनागरीत तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. फाँटमध्ये तिरपे रूप नसल्यास ब्राउझर सरळ अक्षरच कलते करतो आणि ते वाचण्यास अवघड जाते. म्हणून मराठीत ग्रंथनामांसाठी एकेरी अवतरणचिन्हे आणि जोर देण्यासाठी ठळक ठसा सोयीचा ठरतो. टॅग अक्षराच्या मध्ये येऊ नये. मात्रा किंवा वेलांटी व्यंजनापासून तुटल्यास काही ठिकाणी तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. हिंदी पृष्ठातील मराठी शब्द ‘स्पॅन’मध्ये ठेवून ‘लँग’ या गुणधर्मात त्याची भाषा मराठी अशी नोंदविल्यास, तशी सोय असलेल्या फाँटमध्ये मराठी वळण दिसते. दृष्टिहीनांसाठीच्या वाचन-प्रणालींनाही योग्य भाषेचा आवाज निवडण्यास ही नोंद उपयोगी पडते.

विकिपीडियावरील वापर

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर टॅगांऐवजी सोपी विकी-चिन्हे वापरता येतात. शब्दाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन ऊर्ध्वस्वल्पविराम दिल्यास तो तिरपा, तीन-तीन दिल्यास ठळक होतो. उदाहरणार्थ,

'''खामगाव''' हे बुलढाणा जिल्ह्यातील शहर आहे.

येथे केवळ ‘खामगाव’ हा शब्द ठळक दिसेल. लेखविषयाचे नाव पहिल्या वाक्यात एकदाच ठळक करण्याचा संकेत आहे. लेखभर ठळक शब्द विखुरल्यास महत्त्वाचा शब्द ओळखू येत नाही.