घरच्याच मातीतले अकरा

११ एप्रिल २०२४ रोजी उत्तर स्पेनमधील बिल्बाओ शहरात नेर्विओन नदीच्या दोन्ही तीरांवर लाखोंचा जनसागर लोटला होता. नदीच्या पात्रातून 'गाबारा' नावाची एक जुनी मालवाहू नौका संथपणे पुढे सरकत होती आणि तिच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पोशाख घातलेले फुटबॉलपटू उभे होते. पाच दिवसांपूर्वी सेव्हिल येथे झालेल्या किंग्ज कपच्या अंतिम सामन्यात मायोर्काला पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२ असे हरवून अॅथलेटिक क्लबने हा चषक जिंकला होता. ही नौका यापूर्वी अशाच विजययात्रेसाठी नदीत उतरली होती ती १९८४ मध्ये. म्हणजे तीरावर जमलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ती मिरवणूक केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असणार.

चाळीस वर्षे चषकाविना राहणारे क्लब युरोपात पुष्कळ आहेत. तथापि अॅथलेटिकची प्रतीक्षा वेगळ्या जातीची होती, कारण तिचे मूळ क्लबने स्वतःवर घालून घेतलेल्या एका बंधनात होते. १९१२ पासून हा क्लब केवळ बास्क खेळाडूंनाच संघात घेतो. ब्राझील, अर्जेंटिना राहो, शेजारच्या माद्रिदचा खेळाडूही येथे बाद ठरतो. बास्क प्रदेशाचे स्पेनमधील प्रांत, नवारा आणि सीमेपलीकडील फ्रेंच बास्क पट्टा अशी सगळी बेरीज केली तरी लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास भरते. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीत साधारण एवढीच माणसे राहत होती. एवढ्याशा मुलखातून खेळाडू निवडायचे आणि जगभरातून खेळाडू विकत आणणाऱ्या रिआल माद्रिद व बार्सिलोना यांच्याशी झुंजायचे, असा हा मामला आहे. असे असूनही १९२९ मध्ये स्पॅनिश साखळी सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले क्लब तीनच : रिआल माद्रिद, बार्सिलोना आणि अॅथलेटिक.

या धोरणाच्या मुळाशी एक गमतीदार विसंगती आहे. बिल्बाओत फुटबॉल आणला तो ब्रिटिश कामगारांनी आणि ब्रिटनमध्ये शिकून परतलेल्या स्थानिक तरुणांनी. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या क्लबचे नावसुद्धा इंग्रजी धाटणीचे. सुरुवातीच्या संघात इंग्रज खेळाडूही होते. १९११ च्या चषक स्पर्धेत परदेशी खेळाडूंवरून वाद उफाळला आणि त्यानंतर क्लबने स्थानिकांवरच भिस्त ठेवण्याचा मार्ग धरला. प्रशिक्षकांना मात्र हा नियम कधीच लागू झाला नाही. १९३० आणि १९३१ मध्ये साखळी व चषक ही दोन्ही विजेतेपदे मिळवून देणारा फ्रेड पेंटलंड इंग्रज होता. पुढे हॉवर्ड केंडल, जर्मनीचे युप हाइंकेस आणि अर्जेंटिनाचे मार्सेलो बिएल्सा यांनीही या संघाला शिकवले. विद्या बाहेरून घ्यायची, विद्यार्थी मात्र घरचेच, असा हा शिरस्ता.

लेझामाचा कारखाना

बाहेरून खेळाडू आणता येत नसतील तर ते घडवावे लागतात. त्यासाठी १९७१ मध्ये शहराबाहेर लेझामा येथे प्रशिक्षण संकुल उभे राहिले. अन्य क्लबांच्या दृष्टीने अकादमी हा पूरक उद्योग असतो. चांगले पीक आले तर संघात घ्यायचे, नाही तर बाजार आहेच. अॅथलेटिकसाठी लेझामा हाच बाजार आहे. येथे दहा वर्षांच्या आसपासची मुले दाखल होतात आणि वयोगटांच्या पायऱ्या चढत बास्कोनिया या संलग्न संघात, तेथून 'बिल्बाओ अॅथलेटिक' या दुय्यम संघात आणि अखेर मोजकीच मुले पहिल्या संघात पोहोचतात. दुय्यम संघ खालच्या श्रेणींमध्ये प्रौढ व्यावसायिकांशी खेळतो. त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला खऱ्या सामन्यांचा मार खाण्याची सवय तेथेच होते.

लेझामाच्या कुंपणाबाहेरची रचनाही तितकीच महत्त्वाची. गावोगावच्या शंभराहून अधिक छोट्या क्लबांशी अॅथलेटिकचे करार आहेत. या क्लबांना आर्थिक व तांत्रिक साह्य मिळते आणि त्या बदल्यात होतकरू मुलांवर अॅथलेटिकचा पहिला डोळा असतो. मुलखातील गुणी मुलगा नजरेतून निसटणे या क्लबला परवडणारे नाही. माद्रिदला एखादा आघाडीवीर हुकला तर ते दुसरा आणतील. येथे एका जन्मवर्षात चांगला डावखुरा बचावपटू निपजलाच नाही, तर ती जागा पुढली कित्येक वर्षे अडचणीची ठरते.

या यंत्रणेचे सामर्थ्य कशात आहे, हे गोलरक्षकांच्या उदाहरणावरून चांगले उमगते. ऑगस्ट २०१८ मध्ये चेल्सीने केपा अरिझाबालागासाठी ८ कोटी युरो मोजले. गोलरक्षकासाठी तो जागतिक विक्रम होता. अशा वेळी कोणताही क्लब हाती आलेल्या रकमेतून नवा गोलरक्षक शोधतो. अॅथलेटिकने नुकताच एल्चेकडे तात्पुरता धाडलेला उनाई सिमॉन हा एकवीस वर्षांचा तरुण परत बोलावला. त्याच मोसमात त्याला संधी मिळाली आणि पुढे तो स्पेनचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला. २०२४ च्या युरो विजेत्या संघातही तोच होता. त्या वर्षीच्या किंग्ज कपच्या अंतिम सामन्यात मात्र गोलपोस्टसमोर उभा राहिला तो लेझामातलाच हुलेन अगिरेझाबाला आणि शूटआऊटमध्ये एक फटका अडवून त्याने विजयाला हातभार लावला.

पैसा आहे, पण खर्चावा कोठे?

स्पेनमध्ये खेळाडूच्या करारात करारमुक्तीची रक्कम नमूद करावी लागते. ती भरली की मूळ क्लबची इच्छा असो वा नसो, खेळाडू मोकळा होतो. अॅथलेटिक सहसा विकण्यास राजी नसतो. त्यामुळे धनाढ्य क्लबांना ही पूर्ण रक्कमच मोजावी लागते. २०१२ मध्ये हावी मार्टिनेझसाठी बायर्न म्युनिकने ४ कोटी, २०१४ मध्ये आंदेर एरेरासाठी मँचेस्टर युनायटेडने ३ कोटी ६० लाख आणि जानेवारी २०१८ मध्ये एमेरिक लापोर्तसाठी मँचेस्टर सिटीने ६ कोटी ५० लाख युरो मोजले.

तिजोरी भरते, पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बास्क खेळाडू विकू शकणारे क्लब मोजके आणि अॅथलेटिकला दुसरा पर्याय नाही हे त्या सर्वांना पक्के ठाऊक. लापोर्त गेल्यावर त्याच महिन्यात बचावपटू इनिगो मार्टिनेझला आणण्यासाठी कट्टर प्रतिस्पर्धी रिआल सोसिएदादला ३ कोटी २० लाख युरो द्यावे लागले. तोच मार्टिनेझ करार संपताच २०२३ मध्ये छदामही न देता बार्सिलोनाकडे निघून गेला. फर्नांडो योरेंटेही २०१३ मध्ये असाच फुकट युव्हेंटसला गेला होता. ज्याची जागा भरणे दुरापास्त, त्या खेळाडूची वाटाघाटीतील ताकद आपोआप वाढते. बदलीच्या बाजारात वाचलेला पैसा मग वेतनाच्या रूपाने बाहेर पडतो.

यावर क्लबने शोधलेला एक उपाय म्हणजे 'घरवापसी'. बाहेर गेलेला बास्क खेळाडू कधी परतेल यावर क्लबची सतत नजर असते. आरित्झ अदुरिझ हा त्याचा उत्तम नमुना. क्लबने त्याला २००८ मध्ये मायोर्काला विकले. २०१२ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो पुन्हा आला, तेव्हा हा सौदा भावनेच्या भरात झाल्याची शंका कोणाला आली असती तर ती गैर नव्हती. प्रत्यक्षात त्याचे सर्वोत्तम हंगाम त्यानंतरच आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो स्पेनसाठी गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. एरेरा २०२२ मध्ये, तर लापोर्त २०२५ मध्ये परतला.

बास्क म्हणजे कोण?

कागदावरचा नियम एका ओळीचा आहे : खेळाडू बास्क प्रदेशात जन्मलेला असावा किंवा तेथील फुटबॉलमध्ये घडलेला असावा. सगळी मेख या 'किंवा'मध्ये आहे. काळाच्या ओघात या शब्दाची व्याप्ती बरीच वाढली. १९९६ मध्ये फ्रेंच बास्क बिशेंत लिझाराझू संघात आला. योरेंटेचे बालपण शेजारच्या ला रिओहा प्रांतात गेले, पण तो अकराव्या वर्षी लेझामात दाखल झाला होता. लापोर्त तर बास्क प्रदेशाबाहेरील फ्रेंच शहरात जन्मलेला. बायोनच्या क्लबात त्याचे फुटबॉल घडले म्हणून तो पात्र ठरला. २०१८ मध्ये रुमानियात जन्मलेला, परंतु बिल्बाओजवळ वाढलेला क्रिस्तियान गानेआही संघात आला. टीकाकार म्हणतात की गरज पडेल तशी व्याख्या ताणली जाते. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मात्र या ताणण्यातूनच क्लबला आजचा चेहरा लाभला आहे. एकेकाळी हा संघ गोऱ्यांचाच राहिल्याने या धोरणाकडे संशयाने पाहिले जाई. २०११ मध्ये होनास रामाल्यो हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला. त्यानंतर आला इनाकी विल्यम्स. त्याचे आईवडील घानाहून निघाले, सहारा वाळवंट पायी तुडवत मेलियाच्या सीमेवरील कुंपण ओलांडून स्पेनमध्ये पोहोचले. बिल्बाओत मदतीचा हात देणाऱ्या एका धर्मगुरूच्या नावावरून त्यांनी १९९४ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवले, तेही अस्सल बास्क. इनाकी २०१६ ते २०२३ या काळात साखळीतील सलग २५१ सामने खेळला. धाकटा भाऊ निको पाम्प्लोनात जन्मला. २०२४ च्या युरो अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध पहिला गोल त्याचाच. थोरला घानाकडून खेळतो, धाकटा स्पेनकडून आणि दोघे मिळून अॅथलेटिककडून.

या कथेला एक कडवट बाजूही आहे. पाम्प्लोना ही नवाराची राजधानी आणि नवारा हा राजकीयदृष्ट्या बास्क स्वायत्त प्रदेशाहून वेगळा प्रांत. तेथील ओसासुना हा क्लब तुलनेने गरीब, पण मुले घडवण्यात तरबेज. हावी मार्टिनेझला अॅथलेटिकने २००६ मध्ये सतरा वर्षांचा असताना ६० लाख युरो देऊन तेथूनच आणले. निको विल्यम्स आणि २०२४ च्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल करणारा ओइहान सान्सेत हेही मुळात ओसासुनाच्या कुमार संघांतले. दोघेही पहिल्या संघात पोहोचण्यापूर्वीच बिल्बाओला आले. अॅथलेटिकच्या तत्त्वनिष्ठेचे जगभर कौतुक होते. पाम्प्लोनात मात्र याच तत्त्वाकडे बड्या शेजाऱ्याची उचलेगिरी म्हणून पाहिले जाते.

शेजाऱ्याने सोडले, यांनी धरून ठेवले

१९८१ ते १९८४ ही सलग चार वर्षे स्पॅनिश साखळीचे विजेतेपद बास्क प्रदेशातच राहिले : आधी दोनदा रिआल सोसिएदादकडे, मग दोनदा हाविएर क्लेमेंते यांच्या अॅथलेटिककडे. त्या वेळी दोन्ही क्लब स्थानिकांवरच विसंबून होते. १९८९ मध्ये सोसिएदादने आयर्लंडचा जॉन ऑल्ड्रिज आणून ती परंपरा सोडली. १९९५ च्या बोस्मन निकालानंतर युरोपीय खेळाडूंची आवक-जावक मुक्त झाली, तेव्हा तर अॅथलेटिकचे धोरण कालबाह्य ठरणार असेच चित्र होते. २००६-०७ च्या हंगामात ही भीती जवळजवळ खरी ठरली. संघ सतराव्या, म्हणजे घसरण टाळणाऱ्या अगदी शेवटच्या स्थानावर राहिला. त्याच हंगामात परदेशी खेळाडूंची मुभा असलेला सोसिएदाद मात्र खालच्या श्रेणीत गेला.

या धोरणाची खरी किंमत १९८४ नंतरच्या किंग्ज कपच्या इतिहासात दिसते. २०२४ पूर्वी अॅथलेटिकने सहा अंतिम सामने गमावले. त्यांपैकी दोन तर एप्रिल २०२१ मध्ये अवघ्या पंधरवड्यात, करोनामुळे एक अंतिम सामना लांबणीवर पडल्याने. त्यातला पहिला पराभव रिआल सोसिएदादकडून, हे बिल्बाओकर लवकर विसरणार नाहीत. २०१२ मध्ये बिएल्सांच्या संघाने युरोपा लीग आणि किंग्ज कप अशा दोन्ही अंतिम लढती ३-० अशाच फरकाने गमावल्या. पुढे २०२५ मध्ये युरोपा लीगची अंतिम लढत बिल्बाओच्या सान मामेस मैदानावरच होणार होती. उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडने तेथे ३-० आणि स्वतःच्या मैदानावर ४-१ असे हरवले आणि घरच्या अंगणातील सोहळा परक्यांचा झाला.

तरीही धोरण बदलावे असा जोर क्लबमध्ये दिसत नाही. अॅथलेटिक हा कोणा उद्योगपतीच्या मालकीचा नाही. चाळीस हजारांहून अधिक सभासद अध्यक्ष निवडतात आणि या तत्त्वाला हात लावू पाहणारा उमेदवार तेथे टिकाव धरणे अवघड. अंतर्गत आव्हान निराळेच आहे. बास्क प्रदेशात जन्मदर कमी आहे, म्हणजे लेझामाच्या दारापर्यंत येऊ शकणाऱ्या मुलांची संख्याच मर्यादित. ही उणीव भरून निघते आहे ती बहुतांशी स्थलांतरितांच्या मुलांमधून. जानेवारी २०२५ मध्ये संघात आलेला मारोआन सान्नादी हा मोरोक्कन आईबापांचा, व्हिटोरियात जन्मलेला मुलगा. आल्वारो जालो माद्रिदमध्ये जन्मून बिल्बाओत वाढला आणि २०२४ मध्ये पोर्तुगालच्या ब्रागाकडून आणला गेला.

२०२५ च्या उन्हाळ्यात निको विल्यम्स बार्सिलोनाला जाणार, हे जवळपास गृहीत धरले गेले होते. २०२४ मध्येही तीच हवा होती. जुलैच्या सुरुवातीला क्लबने त्याचा करार २०३५ पर्यंत वाढवल्याचे जाहीर केले आणि करारमुक्तीची रक्कम निम्म्याहून अधिक वाढवून घेतली.