चाकांवरून गडांकडे (भाग सहावा) : कोयनेच्या काठाने

गेल्या आठवड्यात आपण फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने शांबोरपर्यंत गेलो होतो. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला घेतलेली ती भव्य वास्तू, तिच्याभोवतीच्या रानाला घातलेली ३२ किलोमीटर लांबीची भिंत, आणि त्या रानातून थेट दारापर्यंत जाणारी सपाट वाट. आज घरी परतायचे आहे. आजची सफर मलकापुरातून निघते, कोयनेचा पूल ओलांडते आणि नदीच्या उलट्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जाते.

निघण्याआधी एक शब्द नीट समजून घेऊ. फ्रेंच ‘शातो’चे भाषांतर आपण सर्रास ‘किल्ला’ असे करतो आणि तिथेच गफलत होते. शांबोर हा किल्ला नाही. शिकारीच्या हौसेपोटी बांधलेला तो राजवाडा आहे आणि खुद्द फ्रान्स्वा उभ्या आयुष्यात तिथे जेमतेम काही आठवडे राहिला. शनोंसोचा महाल तर शेर नदीच्या पात्रावरच कमानी टाकून उभारलेला. पाहुण्यांनी यावे, बघून थक्क व्हावे, यासाठी या वास्तू नदीकाठच्या सपाटीवर आहेत. म्हणूनच लुआरच्या काठची सुमारे ९०० किलोमीटरची सायकलवाट एका शातोच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात जाऊ शकते. आपला गड याच्या अगदी उलट विचाराने बांधलेला आहे. आलेल्याला दम लागावा, त्याची चाल मंदावावी, तो वरून दिसावा, हाच त्याचा हेतू. गडाच्या दारात सायकल पोचत नाही. ती पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी पडवीत ठेवावी लागते. ठेवू का म्हणून विचारले की उत्तर ठरलेले : “ऱ्हाऊ द्या की हितंच, कोण न्हेतंय?”

मग गड बघायला सायकल कशाला, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की गड चढायला सायकलचा उपयोग नाही, पण गड तिथेच का आहे हे समजायला तिच्यासारखे दुसरे वाहन नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला चढ जाणवत नाही, वारा लागत नाही, दोन गावांमधले अंतर पायांत उतरत नाही. सायकलवर या तिन्ही गोष्टी मांड्यांना कळतात. पाठीवर गोणी लादलेल्या बैलाला आणि त्याच्यामागून चालणाऱ्या माणसाला त्या जशा कळत होत्या, साधारण तशाच.

मलकापूर मुंबई-बंगळूर महामार्गावर, कऱ्हाडला अगदी लागून आहे. चोवीस तास नळाला पाणी देण्याच्या योजनेमुळे या गावाचे नाव देशभर झाले, तेव्हा बाटल्या घरूनच भरून घ्याव्यात. गावाच्या पाठीशी आगाशिवचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत, जखिणवाडीच्या बाजूला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी खोदलेली आहेत. सगळे समूह मिळून पन्नासहून अधिक. एवढी लेणी इथे का, याचे उत्तर आजच्या वाटेतच आहे. भिक्षूंचे विहार गावापासून थोडे दूर पण व्यापारी मार्गाच्या जवळ असत, कारण त्यांचा योगक्षेम वाटसरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानावर चाले. मध्य भारतातल्या भारहूतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत ‘करहकट’ची माणसे होती, हे तिथल्या शिलालेखांत कोरलेले आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड. इतक्या दूर दान पाठवण्याइतका पैसा इथल्या लोकांकडे होता, तो व्यापाराचा होता, आणि व्यापाराचे एक तोंड पश्चिमेला, कोकणातल्या बंदरांकडे होते.

महामार्गावरून कोयनेचा पूल ओलांडला की वारुंजीजवळ पाटण तिठ्याला डावीकडे वळायचे. विजयनगर, सुपने, आणि मग उजव्या हाताला वसंतगड. मलकापुरातून दहा-बारा किलोमीटर झालेले असतात, पाय नुकते मोकळे झालेले असतात. सायकल इथे जरूर थांबवा. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला म्हणून ओळखला जाणारा हा गड कृष्णा आणि कोयना या दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगरावर आहे. माथ्यावर दोन तळी आहेत, त्यांची नावेही कृष्णा आणि कोयना. चंद्रसेनाचे देऊळ आहे. गडाच्या दुसऱ्या अंगाला तळबीड, सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे गाव. महाराणी ताराबाई त्यांचीच कन्या.

माथ्यावर तटाशी उभे राहून खाली बघितले की एका बाजूला साताऱ्याकडून येणारा रस्ता दिसतो, दुसऱ्या बाजूला चिपळूणकडे जाणारा. हे दोन रस्ते ज्याच्या नजरेखाली, त्याच्या हातात कऱ्हाड. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मधल्या अठरा दिवसांत मराठी फौज या मुलखातून दक्षिणेला उतरली, तेव्हाच वसंतगड स्वराज्यात आला. पुढे चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १६९९ मध्ये, औरंगजेबाने साताऱ्यावर जाण्याआधी हाच गड घेतला आणि त्याला नाव दिले ‘किलीद-ए-फतेह’, विजयाची किल्ली. शत्रूनेच ठेवलेल्या या नावात गडाची सारी किंमत आली.

पुन्हा सायकलवर. मल्हारपेठ, नवारस्ता, अडूळ अशी गावे मागे पडतात. मलकापूर ते पाटण हे अंतर ३५-४० किलोमीटरचे, आणि या सगळ्या पट्ट्यात पायांना एक गोष्ट सतत जाणवते. डावी-उजवीकडे डोंगर उंच होत जातात, खोरे अरुंद होते, पण रस्ता फारसा चढत नाही. कोयनेचे पात्रच इथे सौम्य उताराचे आहे. लादलेल्या जनावरांना याहून सोयीची वाट सह्याद्रीत क्वचित मिळेल. म्हणूनच गडही या वाटेच्या दोन्ही अंगांना आहेत. पाटणच्या वर दातेगड, म्हणजे सुंदरगड. मोरणेच्या खोऱ्यात मोरगिरीजवळ गुणवंतगड. आणि अगदी टोकाला, घाटाच्या माथ्यावरच्या रानात, जंगली जयगड.

दातेगडासाठी पाटणहून टोळेवाडीचा चढ घ्यावा लागतो. गिअरची सायकल असेल तर खालच्या गिअरवर, नसेल तर उतरून ढकलत जावे. ढकलण्यात कमीपणा काहीच नाही. वर कातळात कोरलेले गणपती-मारुती आहेत, पण मला तिथे सर्वांत जास्त थांबवले ते विहिरीने. अखंड खडकात तलवारीच्या आकाराची खोल विहीर खोदली आहे, आणि आत पायऱ्या उतरत जातात. शांबोरचा दुहेरी जिना जगभर नावाजलेला आहे : दोन माणसे एकाच वेळी चढली-उतरली तरी समोरासमोर येत नाहीत. त्याचे कौतुक मी गेल्या भागात मनापासून केले. दातेगडाच्या विहिरीतल्या पायऱ्यांपुढेही मी तितक्याच आदराने उभा राहतो. उघड्या माथ्यावर, काळ्या कातळात, शिबंदी जगावी म्हणून कुणीतरी घाव घालत पाण्यापर्यंत पोचले होते.

पाटणपासून कोयनानगर वीसेक किलोमीटर. वाटेत हेळवाक लागते आणि या साऱ्या भूगोलाची मेख इथेच आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना तिथून दक्षिणेला वाहत येते, सह्याद्रीच्या मुख्य कड्याला समांतर, अगदी त्याला खेटून. हेळवाकला ती जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वळणाच्या पश्चिमेला थोडे पुढे गेले की कुंभार्ली घाट, आणि तिथे जमीनच संपते. चारशे मीटरहून जास्त खाली कोकण.

हाच उतार बैलांच्या तांड्यांना ओलांडावा लागे. खालून मीठ-खोबरे वर यायचे, वरून धान्य आणि गूळ खाली जायचा; पुढे वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळचे बंदर. याच उतारावर जकात होती, चौक्या होत्या, गड होते. आणि विसाव्या शतकात अभियंत्यांनी याच उतारातून वीज काढली. कोयना धरणाची उंची १०३ मीटर, साठा १०५ अब्ज घनफुटांवर. बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडले, ते जनित्रे फिरवून वाशिष्ठीत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. ज्या कारणासाठी इथे गड आले, त्याच कारणासाठी वीजघर आले. घाटमाथ्यावर सायकल उभी करून खाली बघताना हे एका नजरेत कळते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले होते, हेही इथे आल्यावर आठवावे.

पलीकडे जंगल सुरू होते. कोयना अभयारण्य १९८५चे. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. लुआरचे खोरे त्या यादीत २००० मध्ये गेले होते, आणि कोयनेच्या उगमाकडचा प्रतापगड, इतर अकरा किल्ल्यांसह, जुलै २०२५ मध्ये. तेव्हा या एका नदीच्या काठी आज दोन जागतिक वारसे आहेत. नवजाच्या रस्त्यावर ओझर्डे धबधब्यापर्यंत सायकलने जावे, पण संध्याकाळ व्हायच्या आत परतावे. गवे रस्त्यावर येतात आणि रस्ता त्यांचाही आहे. जंगली जयगडासाठी वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

वाऱ्याचा विचार आधी करा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. पाटणच्या डोंगरावर, वनकुसवड्याच्या पठारावर, पवनचक्क्या उगीच नाहीत. जून ते सप्टेंबर जाताना तो छातीवर घ्यावा लागतो, परतीला मात्र पाठ थोपटत आणतो. हिवाळ्यात वाऱ्याचा त्रास कमी, पण गाळप हंगाम सुरू असतो. दोन-दोन ट्रॉल्यांचे ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाजूला ऊस लोंबलेला. अंधारात या रस्त्यावर सायकल चालवणे मी कुणालाही सुचवणार नाही.

लुआरच्या काठी प्रत्येक वळणावर सायकलचे चित्र असलेला फलक आहे, मुक्कामाला सायकल ठेवायला छप्पर आहे, दुरुस्तीची हत्यारे आहेत. आपल्या वाटेवर पडवी आहे, चहा आहे, मागितली तर भाकरी आहे. फलक एकही नाही. वारुंजीपासून हेळवाकपर्यंत गडांची नावे आणि अंतरे लिहिलेले दहा-बारा फलक आणि रस्त्याच्या कडेला हातभर स्वच्छ डांबरी पट्टी, एवढे जिल्हा परिषदेने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने मनावर घ्यावे. खर्च फार नाही आणि ज्या गावांतून ही वाट जाते तिथल्या शाळकरी मुलांच्या सायकलीही त्याच पट्टीवरून सुरक्षित जातील.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एका दिवसात कोयनानगर गाठायचा हट्ट धरू नये. वसंतगड करून परत यावे, पुढच्या वेळी पाटण. पंप, जास्तीची ट्यूब आणि पंक्चरचे सामान बरोबर ठेवा. पुढच्या आठवड्यात मलकापुरातल्याच ढेबेवाडी फाट्यावरून विंग, कोळे, तळमावले असे वांगेच्या खोऱ्यात जाऊ. तो रस्ता याहून शांत आहे.