तोडली की पेटते!

पेट्रोल गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. स्पार्क प्लगच्या फटीत पेट्रोल पेटवणारी ठिणगी उडवायला मात्र लागतात २० ते ४० हजार व्होल्ट. मधली सगळी उलाढाल करते ती मुठीत मावणारी इग्निशन कॉइल.

आत असतात लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या. एक जाड तारेची, साधारण २०० वेढ्यांची. दुसरी केसासारख्या तारेची, २० हजारांच्या आसपास वेढ्यांची. वेढे १०० पट, म्हणून व्होल्टही १०० पट. आता हिशेब करा : १२ गुणिले १००, झाले १,२००. मग उरलेले हजारो आले कुठून?

खरी गंमत इथेच आहे. जाड गुंडाळीतून वीज वाहते तेव्हा गाभ्यात चुंबकत्व साठत जातं, आणि तोवर प्लग ढिम्म असतो. ठिणगी पडते ती वीज तोडल्यावर! चुंबकत्व एका क्षणात कोसळतं, त्या हिसक्याने जाड गुंडाळीतच तीन-चारशे व्होल्ट उसळतात, आणि त्यांना मग १०० ने गुणलं जातं. नळ झटकन बंद केला की जुना पाइप ‘धाड्’ करतो ना, तसलाच प्रकार.

हे यंत्र मोटारीपेक्षा जुनं. आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन या पाद्र्याने १८३६ मध्येच अशी कॉइल बनवली. झटक्याचा जोर मोजायला धड उपकरण नव्हतं, तेव्हा विद्यार्थ्यांनाच ती धरायला लावायचा म्हणे! पुढे पॅरिसच्या रुमकॉर्फने ती इतकी सुधारली की तिसऱ्या नेपोलियनकडून ५० हजार फ्रँकचं बक्षीस मिळवलं. राँटगेनला १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले तेही असल्याच कॉइलच्या जोरावर. म्हणजे एक्स-रे आणि तुमची गाडी दूरचे नातेवाईक.

आता गाडीकडे वळू. १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन माहेरी निघाली. वाटेत इग्निशनच्या तारेचं आवरण गेलं. बाईंनी मोज्याचा पट्टा काढून तारेला गुंडाळला आणि पुढे निघाल्या.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये चार सिलिंडरांना चार कॉइल, लाकडी डब्यांत, भुंग्यासारख्या गुणगुणणाऱ्या. हौशी पोरांनी त्या काढून चक्क बिनतारी संदेशाचे संच बनवले.

मग चार्ल्स केटरिंगने एकाच कॉइलवर काम भागवलं. वीज तोडायला पॉइंट, ती वाटायला डिस्ट्रिब्युटर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीतही हीच मांडणी होती. पावसाळी सकाळी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण कोरड्या फडक्याने पुसणं आणि पॉइंट घासणं, ही एका पिढीची नित्यपूजाच होती.

आता पॉइंट गेले, तोडायचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडे आलं आणि बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. आणि एका ठिणगीची ऊर्जा किती? ५० मिलिज्यूल धरा. तेवढ्यात १०० ग्रॅमचा बटाटावडा बशीतून जेमतेम ५ सेंटिमीटर उचलला जाईल. तोंडापर्यंत काही यायचा नाही.

डिझेलवाल्यांनी हे सगळं विसरावं. त्यांच्याकडे कॉइल नाही, प्लगची ठिणगीही नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गॅरेजी युक्ती. गाडी मिसिंग मारतेय आणि प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल आहे? मेकॅनिकला इंजिन बंद करून संशयित कॉइल आणि शेजारच्या सिलिंडरची कॉइल यांची अदलाबदल करायला सांगा. मिसिंगही तिकडे सरकलं तर कॉइल गेलेली. जागचं हललं नाही, तर आधी प्लग बघा. नव्या कॉइलचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.