एका कडीसाठी शहापूर ते मुरबाड

जुन्या फोटो स्टुडिओंवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा चार-पाच गावं फिरायचं ठरवलं होतं. शहापुरातल्या पहिल्याच स्टुडिओत अडकलो आणि तिथून निघालो तो थेट मुरबाडच्या एमआयडीसीत, एका लेथसमोर जाऊन पोचलो.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत स्टुडिओवाल्या काकांनी चादर बाजूला केली. खाली सागवानी कॅमेरा होता, फुल प्लेटचा, म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंचांच्या निगेटिव्हचा. पितळी पट्ट्या काळवंडल्या होत्या, पण भाता शाबूत होता. अशा लाकडी कॅमेऱ्यांत केरळातल्या आलप्पुळाला के. करुणाकरन यांनी घडवलेल्या ‘वागीश्वरी’चं मोठं नाव होतं. लाकूड इथलं, कारागीर इथला, पण भिंग बाहेरून यायचं. आणि घात भिंगाचाच होतो. काकांच्या लेन्सच्या काचा ज्या बाल्समने चिकटवलेल्या होत्या तो कडेने सुटला होता आणि आत बुरशीने जाळं विणलं होतं. शहापूरचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आपल्याकडे मोठ्या कॅमेऱ्याचा इतिहास जुना आहे. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. कसारा घाट चढून गेलं की लागणाऱ्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रण आणि ब्लॉकमेकिंग करत होते, रवि वर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं काम करत होते. छापखान्यात अशा कामासाठी लागणारा प्रोसेस कॅमेरा लक्षात ठेवा, कारण काकांच्या कॅमेऱ्याला नवी दृष्टी मिळाली ती तिथूनच.

जुनी लेन्स निवडताना आधी बघायचं ते तिचं वर्तुळ. भिंग गोल प्रतिमा पाडतं आणि आपली काच चौकोनी. फुल प्लेटचा कर्ण सुमारे 272 मिमी. 210 मिमीची टेसार जातीची लेन्स बाजारात सहज मिळते, पण तिचं वर्तुळ कसंबसं 240 मिमी भरतं, म्हणजे कोपरे काळे. काकांनी आणली ती 360 मिमीची ॲपो-रोनार, एफ/9, रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीची. छिद्र लहान केलं की तिचं वर्तुळ तीनशे मिमीच्या वर जातं. छापखान्यांत आता संगणकावरून थेट प्लेट निघते. त्यामुळे प्रोसेस कॅमेरे मोडीत गेले आणि अशा लेन्सा भंगारवाल्यांकडे आल्या.

माझ्या मते ही निवड फार शहाणपणाची होती. ॲपो-रोनारमध्ये चार भिंगं आहेत आणि चारही सुटी, मध्ये हवा. सुटायला बाल्समच नाही. उद्या बुरशी धरली तरी एकेक काच काढून पुसता येते. कोकणाच्या दमट हवेत राहणाऱ्या माणसाने कागदावरच्या तीक्ष्णतेच्या आकड्यांआधी हे पाहावं. काकांनी टॉर्च आरपार मारून ओरखडे तपासले, छिद्राची पाती मागेपुढे फिरवून पाहिली, मगच पैसे दिले.

किंमत मात्र पुढेच मोजावी लागली. तीनशे साठची लेन्स म्हणजे दूरच्या डोंगरासाठीही भाता 360 मिमी ताणायचा. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा टिपायचा तर साधारण 475. काकांच्या भात्याने ते निभावलं. लेन्सला शटर नव्हतं, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. ब्रोमाइड कागदच निगेटिव्ह म्हणून घालायचा. त्याचा वेग फिल्मच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे एफ/64 ला भर उन्हात अडीच-तीन सेकंद मिळतात. टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी लावायची.

अडलं ते कडीवर. लेन्स कॅमेऱ्याच्या पुढच्या पाटीवर बसते ती आट्यांच्या कडीत, आणि भंगारात काढणाऱ्याने लेन्स सोडवून घेतली, कडी लोखंडात गेली. कडीशिवाय ही लेन्स म्हणजे चौकटीविना खिडकी.

किन्हवली-सरळगावमार्गे आम्ही मुरबाडला गेलो. लेथवर बसणारे मिस्त्री आधी काहीच बोलले नाहीत. व्हर्नियरने व्यास घेतला, पिच गेज आट्यांत बसवून उजेडात धरला आणि म्हणाले, “मिलिमीटरचा आटा आहे. माझं मशीन इंचाचं.”

इथे मी गुंतलो. अशा जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा आट्यांचा दांडा, इंचाच्या हिशेबाने कापलेला असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मधे 127 दात्यांचं चक्र लागतं, कारण एक इंच म्हणजे 25.4 मिमी आणि त्याची पाचपट 127. मिस्त्रींकडे ते नव्हतं. दोन दिवसांनी शेजारच्या वर्कशॉपमधून उसनं आणलं. तरी एक अडचण राहतेच. इंचाच्या स्क्रूवर मिलिमीटरचा आटा कापताना त्या स्क्रूला पकडणारा अर्धा नट एकदा उघडला की हत्यार पुन्हा नेमकं त्याच खाचेत आणणं फार कठीण. म्हणून प्रत्येक काप झाल्यावर हत्यार मागे घ्यायचं, मशीन उलटं फिरवायचं, पुन्हा पुढे.

“भिंग मशीनजवळ आणायचं नाही,” त्यांनी बजावलं. आधी नायलॉनची कडी कापली. ती दीड फेऱ्यावर अडली. दुसरी सैल झाली. तिसरी बसली, तेव्हा कुठे पितळ लावलं. पितळी कडी शेवटच्या फेऱ्यापर्यंत नुसत्या दोन बोटांनी फिरली. मी अनेक यंत्रं पाहिली आहेत, पण असा हात क्वचित पाहिला.

पाटी शहापुरात झाली. सुताराने जुनं, मुरलेलं सागवान घेतलं आणि पावसात फुगेल म्हणून कडेला कागदाएवढी फट सोडली. फटीवर काळी मखमल. रात्री खोली अंधारी करून कॅमेऱ्यात टॉर्च ठेवला, तेव्हा एका स्क्रूपाशी टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. तो बुजवला. सकाळी काळ्या कपड्याखाली डोकं घातलं तर धूसर काचेवर माहुलीचे सुळके उलटे लटकत होते, चारही कोपरे भरलेले.

127 दात्यांचं ते उसनं चक्र परत गेलं आहे, पुन्हा अशी कडी कापणं सोपं नाही. छापखाना मोडीत काढणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: प्रोसेस कॅमेऱ्याची लेन्स विकताना तिची कडी सोडवून लोखंडात टाकू नका. लेन्सला लावूनच द्या.